तळ कोठे द्यावा? : मुळशीच्या दोन मुक्कामांवरून

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात सहलीचे वर्णन नाही, असे एखादे वर्ष गेल्याचे मला आठवत नाही. सकाळी सहाची गाडी साडेसातला सुटते, वाटेत भेंड्या होतात, कुणाची तरी चप्पल तुटते आणि शेवटी सहल 'अविस्मरणीय' ठरते. प्रस्तुत लेख त्या जातीचा नाही. यात विषय एकच आहे : तीस-पस्तीस जणांनी एक रात्र उघड्यावर काढायची तर जागा कशी निवडावी. हा विषय मी निवडला असे म्हणणे खोटे होईल. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो माझ्यावर येऊन कोसळला.

आमच्या सहल-समितीत पाचजण होते, चार विद्यार्थी आणि मी. मी भूगोलाची विद्यार्थिनी, म्हणून जागा ठरविण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते मोठ्या ऐटीत पत्करले. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा विभागाच्या कपाटातून काढला, टेबलावर पसरला आणि मुळशीच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला एक पांढरी, मोकळी जागा शोधून काढली. समोच्च रेषा एकमेकींपासून दूर, म्हणजे जमीन सपाट. ओढ्याची रेषा पाव किलोमीटरवर, म्हणजे पाणी जवळ. खाली जलाशय, म्हणजे देखावा सुंदर. समितीने टाळ्या वाजविल्या. जागा प्रत्यक्ष पाहून यावी असे कुणी सुचविले नाही. पुण्याहून भूगाव, पिरंगुट, पौड या मार्गाने मुळशी अवघी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. एका रविवारचे काम होते, आणि ते आम्ही केले नाही.

या नकाशावर दोन समोच्च रेषांमधील उंचीचे अंतर वीस मीटर असते, हे मी प्रथम वर्षाच्या परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. त्याचा अर्थ असा की पाच-सात मीटर खोल असलेले लवण त्या नकाशावर दिसणारच नाही. दोन रेषांच्या मध्ये एक अख्खी बशी दडून बसली तरी कागद पांढराच राहणार. मी जी जागा निवडली ती नेमकी अशी बशी होती. त्याच नकाशावर पाण्याचे ओढे निळ्या रेषेने आणि कोरडे ओढे काळ्या रेषेने दाखवितात. आमच्या वाटेत आडवी येणारी एक बारीक काळी रेषा मी पाहिली होती आणि 'कोरडा आहे' असे मनाशी म्हणून सोडून दिली होती. ओढा कोरडा आहे, याचा अर्थ तो आज कोरडा आहे एवढाच.

आम्ही चौतीस विद्यार्थी होतो, त्यांत एकोणीस मुली. बरोबर दोन प्राध्यापक. दुपारी तीनच्या सुमारास सड्यावर पोहोचलो. कातळावर पातळ मातीचा थर, त्यावर बुटके गवत, आणि गवतात गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांचा गालिचा. मधूनमधून सीतेच्या आसवांची जांभळी टिकली. सगळ्यांनी मोबाइल काढले. मीही त्या फुलांत बसून छायाचित्र काढून घेतले. गेंद आणि सीतेची आसवे ही फुले पाणथळ कातळावर येतात, जेथे पावसाळाभर पाणी साचून राहते तेथेच ती दाट फुलतात, हे मला नंतर आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मैत्रिणीने सांगितले. ज्या पुराव्यावरून आम्ही जागा नाकारायला हवी होती, त्याच पुराव्यात बसून आम्ही हसत होतो.

आता एक गोष्ट लिहिते, जी सहलवर्णनात सहसा लिहीत नाहीत. त्या सड्यावर एक झुडूप नव्हते, एक मोठा धोंडा नव्हता. मुली सकाळी घरून निघाल्या तेव्हापासून पाणी बेताने पीत होत्या, आणि जागा पाहिल्यावर त्यांनी पिणेच बंद केले. कुणी कुणाला काही बोलले नाही. अंधार पडेपर्यंत थांबायचे, हे न बोलता ठरले. समितीत मी एकटी मुलगी होते. नकाशासमोर उभी असताना हा विचार माझ्या मनात आला नव्हता असे नाही. आला होता. चार मुलांसमोर तो बोलून दाखवायचा संकोच वाटला, आणि 'तेथे गेल्यावर पाहू' म्हणून मी तो गिळला. त्या संकोचाची किंमत दुसऱ्याच एका मुलीने दिली.

साडेचारनंतर पश्चिमेकडे ढग चढू लागले. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस सकाळी कधी दिसत नाही. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात आणि संध्याकाळी ते गडगडाटासह मोकळे होतात. साडेसातला पहिली सर आली. ती तासभर टिकली असेल. आमच्या बशीत चारही बाजूंनी पाणी उतरू लागले. प्रथम सतरंज्या ओल्या झाल्या, मग तंबूंच्या खुंट्या सैल झाल्या, कारण वीतभर मातीखाली कातळ असल्यामुळे त्या मुळातच नीट रुतल्या नव्हत्या. मग पाणी घोट्याच्या वर आले. विजा आमच्या सड्यावरच नाचत होत्या, आणि त्या माळावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे आमचे तंबूचे खांब आणि आम्ही. गावाकडे उतरायचे ठरले. सामान उचलताना आमच्यातली एक मुलगी जागच्या जागी कोसळली. वीज पडली असे क्षणभर वाटले. तसे नव्हते. तिने सकाळपासून जेमतेम पेलाभर पाणी घेतले होते.

दोघांनी तिला उचलले आणि आम्ही उतरू लागलो. वाटेत तो काळ्या रेषेचा ओढा आला. दुपारी त्याच्या दगडांवर बसून आम्ही चिवडा खाल्ला होता. आता तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. पुढच्या मुलाने पाय घातला तेव्हा पाणी मांडीपर्यंत होते. तेवढ्यात पलीकडून बॅटरीचा प्रकाश हलला आणि एक माणूस ओरडला, "थांबा! उतरू नगा! म्होरं कोंड हाय!" आम्ही थांबलो. ते काका धारेच्या वरच्या अंगाने मोठा वळसा घालून आमच्यापर्यंत आले आणि ओढा न ओलांडता, सोंडेवरून जाणाऱ्या वाटेने त्यांनी आम्हांला गावात नेले. शाळेच्या ओट्यावर त्या मुलीला मीठ-साखरेचे पाणी पाजले. ती शुद्धीवर आली आणि पहिले वाक्य बोलली ते असे : "घरी सांगू नका." मी ते सांगितले नाही, आणि आजही तिची ओळख पटेल असे काही लिहीत नाही.

त्या रात्री त्या घरातील आजींनी छत्तीस माणसांना पुरेल एवढा चहा केला. चहा देता देता त्यांनी मला विचारले, "कुठं उतरला व्हता?" मी हाताने दाखविले. आजी हसल्या. "त्येला आमी म्हशींची लोळण म्हंतो, बाय." नकाशावर त्या जागेला नाव नव्हते. गावात होते. कुणाही गुराख्याला एक प्रश्न विचारला असता तरी पुढचे सारे टळले असते.

असो. डिसेंबरात मी आणि एक मैत्रीण एस.टी.ने पुन्हा त्या गावी गेलो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. दिले तर पुढच्याच रविवारी तेथे दहा गाड्या उभ्या राहतील. आजींचे आभार मानणे हा एक हेतू होता, आणि जानेवारीतील दुसऱ्या मुक्कामासाठी जागा पाहणे हा दुसरा. मधल्या काळात मी ग्रंथालयात बसून या विषयावर आपल्या पूर्वजांनी काय म्हटले आहे ते शोधले होते, कारण उघड्यावर तळ देणे ही काही स्काउटांनी लावलेली गोष्ट नव्हे. बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचा पहिला तळ दिला तो १९०७ साली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दहावे अधिकरण त्याहून पुष्कळ जुने. त्याचा पहिलाच अध्याय सैन्याच्या तळाविषयी आहे, आणि त्यात जागा ठरविताना नायकाबरोबर सुतार आणि ज्योतिषी यांनाही घेतले आहे. सुतार का, हे मला आता कळते. खुंटी कोठे रुतेल ते सेनापतीला ठाऊक नसते. तळाचा आकार वाटोळा, लांबट की चौकोनी हे जमीन पाहून ठरवावे असे तो सांगतो, आणि पुढच्या अध्यायात वाटेवरचे मुक्काम गवत, जळण आणि पाणी यांच्या हिशेबाने आधीच मोजून ठेवावेत म्हणतो. देखाव्याचा उल्लेख कोठेही नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाविषयी जे प्रकरण आहे तेही मी याच दृष्टीने वाचले. गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे, एकाच झऱ्यावर भरवसा ठेवू नये, साठा वेगळा राखावा, असा त्याचा आशय आहे. 'पाणी जवळ आहे' आणि 'पाणी आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मुळशीत पटले. जलाशय पायाशी पसरलेला, आणि त्याच्यावरच्या वस्तीत उन्हाळ्यात हंड्यांची रांग. आजींनी मला हिशेब हंड्यांतच करायला लावला. पिणे आणि रांधणे मिळून माणशी दिवसाला पाच लिटर धरले तर चौतीस माणसांना १७० लिटर. एक हंडा पंधरा लिटरचा धरला तर अकरा-बारा हंडे. "दोन दिवसांचं चोवीस. माझी सून सकाळी चार आनती," आजी म्हणाल्या. त्यांनी तक्रार केली नाही, नुसता आकडा सांगितला. जानेवारीच्या मुक्कामाला आम्ही पिण्याचे सारे पाणी पुण्याहून पिंपांत भरून नेले आणि गावच्या पंपाला हात लावला नाही.

सामूहिक तळाचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र ग्रंथांत शोधावे लागत नाही, ते दर वर्षी आषाढात आपल्या दारावरून जाते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमाउलींची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण अशी मुक्काम करीत पंढरपुरी पोहोचते. लाखो माणसे, आणि तरीही संध्याकाळी 'आमची राहुटी कोठे' म्हणून भांडण होत नाही, कारण मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचे ठरलेले आहेत, दिंड्यांचा क्रम ठरलेला आहे आणि सामानाचा ट्रक माणसांच्या आधी तळावर पोहोचून राहुट्या उभ्या करतो. समाजआरतीच्या वेळी चोपदार सर्वांना शांत करतात आणि हरवले-सापडले ते तेथेच पुकारले जाते. चौतीस जणांच्या आमच्या तळावर ऑक्टोबरात कोण कोठे निजणार हे अंधार पडेपर्यंत ठरले नव्हते, आणि पाऊस आला तेव्हा माणसे मोजायला कोणीच मोकळे नव्हते.

डिसेंबरातील त्या दिवशी काकांनी आम्हांला शिवार दाखविले. जे पाहिले ते येथे नोंदविते.

जमिनीकडे पाहण्यापूर्वी गवताकडे पाहावे. लव्हाळा दाट असेल तर तेथे पाणी मुरत नाही, साचते. ओढ्याच्या काठच्या झुडपांत काडीकचरा अडकलेला दिसला तर तो किती उंचीवर आहे ते पाहावे. गेल्या पावसाळ्यातल्या पुराची खूण तीच. त्या खुणेच्या बऱ्याच वर तळ असावा, आणि तळापासून गावात किंवा रस्त्यावर जाणारी एक तरी वाट ओढा न ओलांडता जाणारी असावी. माझ्या मते ही अट सगळ्यांत मोठी आहे. बाकी साऱ्या चुका भिजून निभावतात, ही निभावत नाही. जागा सपाट वाटली तरी बाटलीभर पाणी ओतून ते कोणीकडे जाते ते पाहावे. थोडासा उतार हवाच, निजताना डोके उंच अंगाला करावे म्हणजे झाले. मग हातभर लांबीची खुंटी ठोकून पाहावी. कातळाचा आवाज आला की पुढे चालू लागावे.

झाडाखाली सावली असते म्हणून तंबू झाडाखाली लावण्याचा मोह होतो. वर वाळकी फांदी आहे का, कड्याला किंवा झाडाला आग्या मोहोळ लोंबते आहे का, हे मान वर करून पाहिल्याशिवाय तो मोह आवरावा. मोहोळ असलेल्या जागी चुलीचा धूर करणे म्हणजे आपण होऊन संकट बोलावणे. विजेच्या दिवसांत एकटे झाड आणि उघडा सडा दोन्ही वर्ज्य. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गप्पा थांबवून पक्क्या इमारतीत किंवा बसमध्ये जावे. तंबू हा निवारा नव्हे. भाताच्या खाचरात कापणीनंतर तळ देणे सोपे वाटते, पण सांडलेल्या दाण्यांसाठी उंदीर येतात आणि उंदरांसाठी साप. मण्यार तर रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, म्हणून तंबूला तळ शिवलेला असावा आणि दार बंद असावे. सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, तेथे सर्पदंशाची लस आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

खोलगट जागा वाऱ्यापासून सुरक्षित म्हणून थंडीत बरी, अशी माझी समजूत होती. भूगोलाच्या पुस्तकात याच्या उलट लिहिले आहे, रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि दरीच्या तळाशी साचते. जानेवारीत आम्ही प्रयोगशाळेतील दोन तापमापके नेली होती, एक खालच्या खाचरात टांगले, दुसरे वरच्या पट्टीवर आमच्या तंबूजवळ. पहाटे पाचला दोहोंत तीन अंशांचा फरक होता. खाली दव पडून दोरी भिजली होती, वर कोरडी होती. पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद स्वतःच्या अंगावर खरा ठरला याचा आनंद मला तरी तळाच्या देखाव्यापेक्षा अधिक झाला.

ऋतूचाही विचार जागेबरोबरच करावा लागतो, कारण मुळशीत एकच जागा दर तीन महिन्यांनी वेगळी होते. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथून पश्चिमेला ताम्हिणीच्या माथ्यावर तो पाच हजारांच्या पुढे जातो. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली, म्हणजे पुण्याच्या वर्षाच्या पावसाचा पाऊण हिस्सा चोवीस तासांत. त्याच्या महिनाभर आधी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. ती माणसे पोहायला उतरली नव्हती, पाण्याच्या मध्ये उभी होती. पाऊस वर कोठेतरी पडला आणि पाणी खाली आले. पावसाळ्यात तंबूचा हट्ट सोडून परवानगी घेऊन शाळेत किंवा देवळाच्या ओसरीवर उतरावे, आणि डोंगराच्या तुटत्या उताराखाली तर मुळीच राहू नये. माळीण (२०१४) आणि इरशाळवाडी (२०२३) आपल्याला ठाऊक आहेत. फेब्रुवारीनंतर गवत वाळते आणि वणव्याचे दिवस येतात. आग चढावर वेगाने धावते, म्हणून वाळल्या गवताच्या उतारावर वरच्या अंगाला राहणे धोक्याचे. राहता राहिले नोव्हेंबर ते जानेवारी. तेवढेच खरे.

जलाशयाच्या काठाविषयी वेगळे लिहायला हवे, कारण सगळ्यांना तेथेच राहायचे असते. अलीकडे धरणांच्या काठांवर रांगेने तंबू ठोकून माणशी पैसे घेणारे बरेच झाले आहेत. रात्री ध्वनिवर्धक, सकाळी कागदी ताटल्या पाण्यात. त्यांच्याविषयी मी अधिक लिहिणार नाही. पण काठ का टाळावा याचे कारण मला काकांनी सांगितले ते वेगळेच होते. हिवाळ्यात पाणी ओसरते तशी काठाची जमीन उघडी पडते. ती सपाट, मऊ आणि मोहक दिसते. काका म्हणाले, "ती जमीन न्हवं, गाळ हाय. आन्‌ म्होरं पान्याखाली बांध हायेत, हिरी हायेत. पाय कुठं जाईल न्हाई सांगता येत." मी विचारले, "विहिरी कोणाच्या?" ते म्हणाले, "आमच्याच की."

येथे विषय थोडा सोडून जावे लागते. मुळा नदी सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला वाहते, मुठेला मिळते, पुढे भीमेतून आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते, हे आपण शाळेत शिकतो. पण मुळशी धरणात अडविलेले पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यातून पश्चिमेला, घाटाखाली रायगड जिल्ह्यातील भिऱ्याला सोडले जाते आणि कुंडलिकेवाटे अरबी समुद्रास मिळते. नदीचे तोंड पूर्वेला आणि पाणी पश्चिमेला. हे धरण टाटांच्या वीज कंपनीने बांधले. त्याखाली मावळातील पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. विनायकराव भुस्कुटेही त्यात होते, आणि स्त्रियाही तुरुंगात गेल्या. १९२४ पर्यंत लढा चालला, यश आले नाही आणि दरी पाण्याने भरली. धरणासाठी विस्थापित झालेल्यांनी संघटितपणे केलेला हा जगातील अगदी आरंभीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. मी हे सारे इतिहासाच्या तासाला वाचले होते, दोन गुणांच्या टिपेसाठी. मी निवडलेल्या 'सुंदर देखाव्या'च्या तळाशी काकांच्या आजोबांची विहीर आहे, हे त्या टिपेत नव्हते.

म्हणून जागेविषयीचा प्रश्न 'ही कशी आहे' इतकाच राहत नाही, 'ही कोणाची आहे' हेही विचारावे लागते. मुळशीत मोकळी दिसणारी जमीन मोकळी नसते. काही कंपनीची, काही वनखात्याची. ताम्हिणीचा बराच भाग २०१३ पासून अभयारण्य आहे, तेथे परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. उरलेली कोणाची तरी वरकस असते, जेथे तो नाचणी-वरी पेरतो किंवा गुरे चारतो. शिवाय देवराया आहेत. घनदाट, थंडगार, झऱ्याचे पाणी असलेल्या या राया पाहून कोणाही शहरी माणसाला वाटेल, यापेक्षा उत्तम तळ कोणता? डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून १९७० च्या दशकात त्यावर लिहिले. जेथे आजूबाजूचे रान तुटले तेथेही या राया उभ्या राहिल्या, कारण गावाने तेथील वाळकी काटकीही उचलायची नाही असे ठरविले होते. मी आजींना भीत भीत विचारले की रायीच्या कडेला उतरलो तर? त्या म्हणाल्या, "कडंला बसा, डबा खावा. राती न्हाई." मी कारण विचारले नाही. काही प्रश्नांना कारणे मागण्याचा अधिकार पाहुण्याला नसतो असे मला वाटते.

शेवटी काकांनी स्वतःचीच एक पट्टी दाखविली. गावाच्या वरच्या अंगाला, शाळेपासून हाकेच्या अंतरावर, दोन वर्षे पड ठेवलेली. तेथून जलाशय दिसत नाही, आंब्याच्या दोन झाडांमधून त्याची एक चकाकती फीत तेवढी दिसते. माती हातभर खोल, उतार बेताचा, ओढा मध्ये नाही. एका बाजूला करवंदीची दाट जाळी. मी मैत्रिणीकडे पाहिले. ती म्हणाली, "ही जाळी आपली." त्या जाळीमागे, पाण्यापासून दोनशे फुटांहून दूर, खालच्या नव्हे तर आडव्या अंगाला, आम्ही दोन चर खणायचे ठरविले आणि पुढे कनात बांधायची. या वेळी समितीच्या बैठकीत मी हा मुद्दा पहिला मांडला. खोलीत क्षणभर शांतता झाली. मग समितीतला सर्वांत थट्टेखोर मुलगा म्हणाला, "कुदळ मी आणतो." विषय संपला. जो मुद्दा मांडण्यासाठी मी तीन महिने शब्द शोधीत होते, त्याला एका मिनिटाहून अधिक वेळ लागला नाही.

जानेवारीचा मुक्काम पार पडला, आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. तीन वाजता पोहोचलो, साडेचारला तंबू उभे होते, कारण कोणता तंबू कोठे हे कागदावर आधीच ठरले होते. संध्याकाळी माणसे मोजली, रात्री पुन्हा मोजली. स्वयंपाकासाठी शेगडी बरोबर होती, लाकूड तोडले नाही. भाकऱ्या गावातून घेतल्या आणि त्याचे पैसे दिले. आजींनी ते मोजून घेतले, आणि चहाचे मात्र घेतले नाहीत. ऑक्टोबरात कोसळलेली मुलगी या वेळीही आली होती. रात्री शेकोटीपाशी ती तांब्याने पाणी पीत बसली होती, ते मी पाहिले. सकाळी चर बुजविले, वर गवताची ढेकळे बसविली. काकांनी येऊन सारी पट्टी पायाखाली घातली, एक विसरलेली खुंटी उपटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नांगराला लागली असती."

पुढील वर्षीच्या सहल-समितीसाठी तो नकाशा भूगोल विभागाच्या डावीकडच्या कपाटात, दुसऱ्या कप्प्यात ठेवला आहे. म्हशींची लोळण जेथे आहे तेथे मी पेन्सिलीने गोल केला असून काळ्या रेषेवर लाल खूण केली आहे. नकाशाला एक कागद जोडला आहे. त्यावर काकांचे घर कसे ओळखावे ते लिहिले आहे, आणि जाण्यापूर्वी एका रविवारी स्वतः जाऊन विचारून यावे, असेही.